एकाच रेषेवर दोन रंगकाम: ‘द किलिंग जोक’चे प्रकरण

डीसी कॉमिक्सने १९८८ साली प्रसिद्ध केलेले ‘बॅटमॅन: द किलिंग जोक’ हे पन्नासहून कमी पानांचे पुस्तक २००८ साली नव्या आवृत्तीत निघाले, तेव्हा त्यातील कथा, संवाद आणि चौकटींची मांडणी जशीच्या तशी होती. थोडे किरकोळ अपवाद वगळता रेखांकनही तेच होते. बदलले होते ते रंग, आणि तेही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे. मूळ पुस्तकाचे लेखन ॲलन मूर यांचे, चित्रे ब्रायन बोलंड यांची, रंग जॉन हिगिन्स यांचे आणि अक्षरलेखन रिचर्ड स्टार्किंग्ज यांचे होते. नव्या आवृत्तीत बोलंड यांनी हिगिन्स यांचे रंग बाजूला ठेवून स्वतःच्या चित्रांना संगणकावर स्वतःच रंग दिले.

जुन्या कॉमिक्सना नवे रंग देण्याचे समर्थन एरवी सोपे असते. मूळ छपाई ओबडधोबड होती, फिल्म हरवल्या होत्या, कागद पिवळा पडला होता, असे काही ना काही कारण हाताशी असते. इथे त्यांपैकी एकही कारण पुरेसे नाही. हिगिन्स यांचे रंग निकृष्ट मानले गेले नव्हते. उलट याच रंगकामासाठी त्यांना १९८९ साली सर्वोत्कृष्ट रंगकाराचा हार्वे पुरस्कार मिळाला होता. पुरस्कारप्राप्त रंगकाम काढून त्या जागी चित्रकाराने स्वतःचे रंगकाम बसवावे आणि पुढे बाजारात तेच प्रमाण आवृत्ती म्हणून रूढ व्हावे, अशी उदाहरणे फार नाहीत. संगणकीय रंगतंत्राने सुपरहिरो कॉमिक्सच्या परंपरागत रेखाचित्राचे काय केले, हा प्रश्न तपासायला म्हणूनच हे प्रकरण सोयीचे आहे, कारण इथे रेषा स्थिर आहे आणि बदलला आहे तो फक्त रंग.

रेषा आणि रंग यांचा जुना करार

या बदलाचा अर्थ लागण्यासाठी जुनी रीत माहीत असावी लागते. अमेरिकी मासिक कॉमिक्समध्ये अनेक दशके निळी, लाल आणि पिवळी या तीन शाया प्रत्येकी पाव, अर्धी आणि पूर्ण अशा तीन प्रमाणांत वापरल्या जात. ‘शाई नाही’ ही चौथी अवस्था धरली तर चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण चौसष्ट छटा मिळत. काळी शाई रेषेसाठी वेगळी असे. रंगकार पानाच्या लहान केलेल्या छायाप्रतीवर द्रवरंगांनी नमुना रंगवी आणि प्रत्येक भागावर रंगाचे आद्याक्षर व प्रमाणाचा आकडा लिही. हा नमुना मग कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील कारखान्यासारख्या ठिकाणी जाई. तेथील कामगार, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, तीन शायांच्या तीन प्रमाणांसाठी पारदर्शक पत्र्यांवर हाताने आकार भरत आणि त्यांवरून छपाईच्या प्लेटी तयार होत. रंगकाराने मनात योजलेला रंग आणि वाचकाच्या हातात पडलेला रंग यांच्यामध्ये इतकी अनोळखी माणसे उभी असत.

या मर्यादेतूनच सुपरहिरो चित्रकलेची भाषा घडली. रंग सपाट पडणार, त्याची छटा चौकटीच्या आत हळूहळू बदलणार नाही, आणि प्लेट थोडी सरकली तर तो रेषेबाहेरही जाणार, हे चित्रकाराला ठाऊक असल्यामुळे आकाराची सगळी जबाबदारी तो रेषेवर टाकी. स्नायूची गोलाई काळ्या भागातून पांढऱ्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बारीक रेघांनी दाखवली जाई, उजेडाची दिशा ठसठशीत काळ्या डागांनी ठरे आणि मागचा-पुढचा भेद रेषेच्या जाडीवरून कळे. रांगोळीत रेघ आधी ओढली जाते आणि रंग नंतर भरला जातो. रेघ चुकली तर कितीही चांगला रंग ती सावरू शकत नाही. इथली वाटणीही तशीच होती. रंगाचे काम आकार घडवणे हे नव्हतेच. पात्र ओळखू यावे, नजर योग्य जागी जावी आणि प्रसंगाचा भाव ठरावा, एवढेच त्याच्याकडे होते, आणि शेवटच्या बाबतीत त्याला बरेच स्वातंत्र्य होते. आकाश जांभळे असले किंवा खोली एका चौकटीत पिवळी आणि पुढच्या चौकटीत लाल झाली, तरी वाचक त्याची कारणे विचारत बसत नसे.

रंगांच्या या व्यवस्थेत लेखक-चित्रकारांची मूळ कल्पना बऱ्याचदा वाऱ्यावर जाई. १९६२ साली हल्क हे पात्र पहिल्या अंकात राखाडी होते. राखाडी रंग छपाईत सर्वत्र सारखा येईना म्हणून दुसऱ्या अंकात तो हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत ज्या पिढीने वेताळ वाचला, तिला त्याच्या घट्ट पोशाखाचा जांभळा रंग चांगला आठवत असेल. पण त्याचे निर्माते ली फॉक यांच्या मनात तो पोशाख राखाडी होता, आणि १९३९ साली रविवारची रंगीत मालिका सुरू झाल्यावर तो जांभळा छापला गेला. अशा वेळी मूळ रंग कोणता, हा प्रश्नच फसवा ठरतो. ‘द किलिंग जोक’च्या वादातही तो तितकाच फसवा आहे.

१९८८ची आवृत्ती

हे पुस्तक नेहमीच्या मासिक अंकासारखे न्यूजप्रिंटवर छापलेले नव्हते. पांढरा चांगला कागद, चौकोनी कणा आणि अधिक नेमकी छपाई असलेल्या ‘प्रेस्टिज’ स्वरूपात ते निघाले. ‘शाई कागदात मुरेल असे गृहीत धरून भडक रंग निवडले होते आणि गुळगुळीत कागदावर ते अंगावर येतात’, हा जुन्या कॉमिक्सच्या फेरछपाईबाबत केला जाणारा आणि बऱ्याच ठिकाणी खरा असलेला युक्तिवाद म्हणूनच इथे पूर्णपणे लागू होत नाही. हिगिन्स यांनी जे भडकपण निवडले, ते बऱ्याच अंशी जाणूनबुजून निवडलेले होते.

त्याच सुमारास त्यांनी मूर यांच्याच ‘वॉचमेन’ या मालिकेला रंग दिले होते. सुपरहिरोंच्या ठरलेल्या लाल-निळ्या-पिवळ्याऐवजी जांभळा, नारिंगी, तपकिरी अशा मिश्र रंगांवर भर देणे ही त्या कामाची ओळख होती. ‘द किलिंग जोक’मध्ये त्यांनी हीच प्रवृत्ती आणखी तापवली. जोकरने ताब्यात घेतलेल्या मोडक्या जत्रेतील प्रसंग, पोलीस आयुक्त गॉर्डन यांना भुताच्या गाडीतून नेत त्यांचा केलेला छळ आणि जोकर होण्याआधीच्या त्याच्या भूतकाळातील दृश्ये या सगळ्यांत जांभळा, गुलाबी, हिरवा, पिवळा यांची एकमेकांवर आदळणारी योजना आहे. रंग वास्तव दाखवत नाही. तो जोकरच्या डोक्यातील तापमान दाखवतो. कथेचा दावाच असा आहे की एका वाईट दिवसाने कोणाही शहाण्या माणसाला वेड लावता येते. हिगिन्स यांचे रंग हा दावा संवादांच्या आधी मांडतात.

बोलंड यांना मात्र ते कधी पटले नाहीत. इंग्लंडमधील ‘२०००एडी’ साप्ताहिकात ‘जज ड्रेड’ काढून नाव मिळवलेल्या या चित्रकाराची ओळख म्हणजे अत्यंत आवरलेली, जवळजवळ कोरीवकामासारखी शाईची रेषा. चेहऱ्यावरची सुरकुती, ओल्या रस्त्यावरचा थेंब, शिसवी टेबलाच्या कडेवरची चमक या सगळ्यांना त्यांच्याकडे वेगळी रेषा असते, आणि ती काढायला वेळ लागतो. या पुस्तकाला म्हणूनच बराच काळ गेला आणि स्वतः रंग देण्याइतका अवधी त्यांना उरला नाही. नव्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणात त्यांनी आपली नाराजी लपवलेली नाही. भूतकाळाची दृश्ये त्यांनी जवळजवळ कृष्णधवल कल्पिली होती, आणि त्यांच्यावर पडलेला जांभळा-गुलाबी रंग त्यांना असह्य वाटला होता.

मधली वीस वर्षे

योगायोग असा की १९८८ हेच वर्ष संगणकीय रंगकामाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. मार्व्हलच्या एपिक या शाखेने ‘अकिरा’ या जपानी मालिकेची अमेरिकी रंगीत आवृत्ती त्याच वर्षी सुरू केली आणि स्टीव्ह ऑलिफ यांनी तिला संगणकावर रंग दिले. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले, १९९२ साली इमेज कॉमिक्सची स्थापना झाली आणि चकचकीत कागद, क्रमाने गडद होत जाणाऱ्या छटा, चमकीचे ठिपके यांची चढाओढ लागली. चौसष्ट छटांची चौकट संपली. त्याबरोबर रेषा आणि रंग यांच्यातला जुना करारही मोडला, कारण आता रंगकारही गोलाई, पोत आणि उजेड दाखवू शकत होता.

यातूनच नव्या तंत्राचा परंपरागत रेखाचित्राला सर्वाधिक त्रास होतो. शाईकार रेघांनी ज्या स्नायूची गोलाई आधीच दाखवून गेला आहे, त्याच स्नायूवर रंगकार पुन्हा छटांनी गोलाई चढवतो आणि एकच गोष्ट दोनदा सांगितल्यामुळे चित्र फुगीर, रबरी दिसू लागते. शाईतील उजेड डावीकडून आणि रंगातील उजेड उजवीकडून असेल, तर मधल्या रेघांना अर्थच उरत नाही आणि त्या मळासारख्या दिसतात. अनेक जुन्या कथांच्या फेररंगकामात हे घडलेले आहे. चित्रकार हयात नाही किंवा त्याला कोणी विचारलेले नाही, आणि रंगकार मात्र हाती आलेल्या साधनाचे सगळे बळ प्रत्येक चौकटीत वापरतो.

२००८ची आवृत्ती

बोलंड यांच्या रंगकामात हा दोष जवळजवळ कुठेच नाही, आणि त्याचे कारण साधे आहे: रेषेतील उजेड कुठून येतो हे रंग देणाऱ्याला माहीत आहे, कारण तो त्यानेच ठेवला होता. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते सगळे काम संगणकावर करत होते, त्यामुळे साधनाची नवलाई संपलेली होती. त्वचा त्वचेसारखी, रात्र रात्रीसारखी, पाऊस राखाडी असे त्यांचे धोरण आहे. छटा आहेत, पण त्या शाईच्या मागे राहतात. १९८८च्या आवृत्तीत गडद रंगाखाली दबलेल्या कित्येक बारीक रेघा इथे पहिल्यांदाच स्वच्छ दिसतात. निव्वळ रेखाटनाचा अभ्यास करणाऱ्याने नवी आवृत्तीच घ्यावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भूतकाळातील दृश्ये त्यांनी कृष्णधवल केली आणि प्रत्येक दृश्यात एखादीच वस्तू लाल ठेवली. दृश्यागणिक हा लाल वाढत जातो आणि अखेर तांबड्या टोपाशी, म्हणजे १९५१ सालच्या एका जुन्या कथेतून मूर यांनी उचललेल्या ‘रेड हूड’च्या वेषाशी, जाऊन पोहोचतो. पोट भरू न शकणारा एक अपयशी विनोदवीर हळूहळू त्या वेषाकडे ओढला जातो, हे वाचकाला शब्दांविना कळते. कल्पना उत्तम आहे. परंतु ती संगणकामुळे शक्य झाली असे जे सर्रास म्हटले जाते, ते खरे नाही. काळ्या शाईच्या छटा आणि एक लाल एवढ्यावर भागणारे पान जुन्या पद्धतीत इतर पानांपेक्षा सोपे आणि स्वस्त झाले असते. १९८८ साली अडचण तंत्राची नव्हती. चित्रकाराकडे वेळ नव्हता आणि रंगाचा निर्णय त्याच्या हातात नव्हता. संगणकाने त्याला नवा रंग दिला नाही. मधली माणसे काढून टाकून त्याला निर्णय दिला.

या निर्णयाचे एक लहानसे पण बोलके उदाहरण बॅटमॅनच्या छातीवर आहे. वटवाघळाच्या चिन्हाभोवतीचा पिवळा लंबगोल १९६४ साली आला आणि १९८८च्या पुस्तकात तो होता. बोलंड यांनी तो काढून टाकला. एवढ्या एका बदलाने कथा ऐंशीच्या दशकातून निसटते. रंगसुधारणेच्या नावाखाली दस्तऐवजाची तारीख पुसण्याचा हा प्रकार मला रुचत नाही. चित्रकाराचा आपल्या चित्रावर हक्क असतो हे मान्य. पण हा लंबगोल केवळ रंगाची बाब नव्हती, ती रेखांकनातील दुरुस्ती होती.

रंगाने कथेचा अर्थ कसा हलवला

आतापर्यंतचे मुद्दे कारागिरीचे होते. खरा फरक वाचनात पडतो, आणि तो भूतकाळाच्या दृश्यांतच सर्वाधिक जाणवतो. कथेच्या उत्तरार्धात जोकर स्वतःच सांगतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी एका प्रकारे आठवतो, कधी दुसऱ्या प्रकारे. भूतकाळ असायचाच असेल तर त्यात निवडीला वाव असावा. म्हणजे विनोदवीराची ही करुण कहाणी खरी आहे की नाही, याची कथा हमी देत नाही. कृष्णधवल चित्राला मात्र आपल्या नजरेत एक साक्षीपण चिकटलेले असते. जुना फोटो, जुनी बातमी, घडून गेलेली गोष्ट अशी त्याची ओळख आहे. बोलंड यांच्या आवृत्तीत ही दृश्ये पाहताना संशय मनात येण्याआधीच विश्वास बसतो. हिगिन्स यांच्या आवृत्तीत भूतकाळही वर्तमानाइतकाच रंगीत आणि तितकाच अविश्वासार्ह होता, त्यामुळे जोकरचे ते वाक्य तिथे अधिक घट्ट बसते. याच्या उलट बाजूने असेही म्हणता येईल की एकट्या लाल वस्तूंमुळे ही दृश्ये स्मृतीसारखी, म्हणजे कोणाच्या तरी मनातून गाळून आलेली वाटतात. हा प्रतिवाद मी निकालात काढू शकत नाही; पण मला तो दुसऱ्या वाचनात सुचला, पहिल्या वाचनात नाही.

दुसरा परिणाम आयुक्त गॉर्डन यांची मुलगी बार्बरा हिच्या प्रसंगावर झाला. दारावरची थाप, दार उघडताच जोकरची गोळी, आणि त्यानंतर तिच्या असहाय शरीराचा वडिलांचे मन मोडण्यासाठी केलेला वापर, हा या कथेचा सर्वाधिक टीका झालेला भाग आहे. स्वतः मूर यांनीही पुढे या पुस्तकाबद्दल नापसंती व्यक्त केलेली आहे. हिगिन्स यांच्या अनैसर्गिक रंगांत या हिंसेवर दुःस्वप्नाचा पडदा असतो. नव्या रंगांत तो पडदा नाही. जखम जखमेसारखी आणि खोली खोलीसारखी दिसते. रंग वास्तवाकडे सरकताच कथेतील ही उणीवही अधिक उघडी पडते, कारण जिच्यावर हा आघात होतो तिला कथा नंतर जवळजवळ विसरूनच जाते. नव्या रंगकामाचा हा हेतू होता असे नाही. वास्तवदर्शी उजेड काय काय दाखवील, हे तो पाडणाऱ्याच्या हातात राहत नाही एवढेच.

जत्रेच्या पानांवर मात्र माझे मत हिगिन्स यांच्याच बाजूने पडते. बोलंड यांच्या रंगांत ती एक पडकी, थंड, खरीखुरी जागा आहे. तिथे भीती वाटते ती अंधाराची. हिगिन्स यांच्या पानांत भीती उजेडाची वाटते. जोकरच्या जत्रेत दिवे जास्त असायला हवेत.

तुलनेसाठी दुसरे पुस्तक

संगणकीय रंगकाम म्हणजे मूळ रंगकाराचे विसर्जन, असा निष्कर्ष या प्रकरणावरून काढणे घाईचे होईल. २००५ साली ‘वॉचमेन’ची मोठ्या आकाराची ‘ॲब्सोल्यूट’ आवृत्ती निघाली, तेव्हाही पाने संगणकावर नव्याने रंगवली गेली. पण ते काम हिगिन्स यांच्याच सहभागाने आणि त्यांच्याच मूळ योजनेला धरून झाले. जांभळे-तपकिरी जग तसेच राहिले. सैल पडलेल्या कडा नेमक्या झाल्या आणि छपाईतील चुका निघाल्या. त्या पुस्तकातील डेव्ह गिबन्स यांची रेषाही सपाट रंग गृहीत धरणारी, एकसारख्या जाडीची आहे, आणि नव्या आवृत्तीने तिच्यावर छटांचा मारा करण्याचा मोह टाळला. तीन वर्षांच्या अंतराने, एकाच प्रकाशनसंस्थेत, एकाच लेखकाच्या आणि एकाच रंगकाराच्या दोन पुस्तकांना एकाच तंत्राने भिडल्यावर एकात रंगकार टिकला आणि दुसऱ्यातून तो गेला. तंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो की-बोर्डसमोर कोण बसले यामुळे.

पुढे काय झाले

नवी आवृत्ती खपली, आणि चांगलीच खपली. २००९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ग्राफिक पुस्तकांच्या खपयादीत ती पहिल्या क्रमांकावर पोहोचली. त्यानंतर या कथेकडे वळलेल्या बहुतेक वाचकांनी पाहिले ते बोलंड यांचेच रंग. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आपण दुसरे रंगकाम वाचत आहोत हे माहीतही नसते, कारण पानावर तशी खूण कुठे नसते. लेखकाने आपली कादंबरी वीस वर्षांनी सुधारली तर प्रस्तावनेत तसे लिहिले जाते आणि ग्रंथालये जुनी आवृत्तीही सांभाळतात. कॉमिक्सच्या रंगाला तेवढा मान अजून मिळालेला नाही. रंगकार हा नोकरीवरचा कारागीर आणि त्याचे काम मालकाला हवे तेव्हा बदलता येईल असे आवरण, ही समजूत चौसष्ट छटांच्या काळापासून चालत आली आहे, आणि नव्या तंत्राने ते आवरण उतरवणे फक्त सोपे केले.

पुस्तकाला तीस वर्षे झाल्यानंतरच्या ‘ॲब्सोल्यूट’ आवृत्तीत दोन्ही रंगकामे एकत्र छापली गेली. हा पर्याय महाग आहे आणि प्रत्येक पुस्तकाला परवडणारा नाही, पण या पुस्तकाला तोच योग्य होता. ती आवृत्ती हाती आली तर पहिले आणि शेवटचे पान शेजारी शेजारी पाहावे. कथा डबक्यात पडणाऱ्या पावसाच्या वर्तुळांनी सुरू होते आणि त्याच वर्तुळांवर थांबते. त्या चौकटींत माणूस नाही, चेहरा नाही, शब्द नाही. बोलंड यांच्या थोड्याशा गोल रेघा आहेत आणि दोन्ही आवृत्त्यांत त्या त्याच आहेत. ती रात्र कोणती, हे तिथे रेघ सांगत नाही.